अर्धं बापाचं, अर्धं लेकीचं

"तिले सांग, प्रोसेसर घ्यायचा तं इंटेलचाच घ्यायचा. नाही तं राहू दे म्हणा."

हे बोलले माहे मालक, देवराव. अन् ज्या 'तिले' मी सांगायचं होतं ते माही पोरगी तारा, ह्यायच्यापासून दोन हात दूर, त्याच चटईवर बसून जेवून राहिली होती. मी तव्यापाशी. आता तुमीच सांगा बाप्पा, दोन हातावर बसलेल्या माणसाले जे ऐकू गेलं नाही ते मी काय प्लांटाचा भोंगा वाजवून सांगू?

तारानं पोळीचा तुकडा मोडला. वर न पाहता म्हणाली, "आई, बाबाले सांग, माह्या कामाले एएमडीचा के-सिक्स पुरून उरते. नावाले काय चाटायचं हाय?"

"ऐकलं?" मी ह्यायले म्हटलं.

"काय ऐकलं?"

मी हातातली पोळी ह्यायच्या ताटात अशी आपटली की वरण उडून बनियानीवर पडलं. तरी दोघंही ताटात पाहून जेवत राहिले. माह्या घरात वर्षाच्या वर हे असंच चालून राहिलं होतं.

सेक्टर दहामधलं आमचं क्वार्टर. हे पोलादाच्या प्लांटात, रेल्वेचे रूळ बनतात त्या रेल मिलमध्ये फोरमन. मूळचे आम्ही भंडाऱ्याकडचे, पण तीस वर्षं भिलाईत काढली, आता भंडाऱ्याले गेलो तं पाहुणे म्हणून पाट मांडतात. तारा एकुलती एक. ह्यायची लाडकी, म्हणजे किती लाडकी, तं लहानपणी तिले ताप आला की हे शिफ्ट बदलून घेत अन् मले म्हणत, तू झोप, तुले काही समजत नाही. तोच बाप अन् तेच लेक एकमेकांशी बोलत नव्हते.

झालं असं. गोंदियाचं एक स्थळ आलं. ह्यायच्या दोस्ताचा भाचा. ह्यायले पोरगा पसंत, घर पसंत, ह्यायनं तिथंच बैठकीत शब्द देऊन टाकला. घरी येऊन ताराले सांगतलं, विचारलं नाही. पोरगी तरी काही बोलली नाही. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख निघाली, माहे भाऊ-भावजया यायले निघाल्या, अन् साक्षगंधाच्या आदल्या दिवशी पोरीनं सांगतलं, "मले नाही करायचं हे लग्न." कावून, तं ते शिकवते त्या कम्प्युटर क्लासात त्या पोरानं फोन करून सांगतलं होतं, लग्नानंतर ते कम्प्युटर-बिम्प्युटर बंद. आमच्या घरी हे चालत नाही म्हणे.

ह्यायनं चपला घातल्या, पीसीओवर गेले, गोंदियाले फोन लावून नकार देल्ला. घरी आले, हात-पाय धुतले, जेवले. अन् त्या दिवसापासून ताराशी बोलणं बंद. तारा काही कमी नाही, तिनं बी तोंड शिवून घेतलं. खाण तशी माती! मधात मी. दळणाच्या जात्यात सापडल्यासारखी. "तिले सांग, लुना आत लाव." "बाबाले सांग, आज मले उशीर होईन." "तिले विचार, दुधात साखर घातली का?" अरे, कप तिच्या हातात हाय न, तोंड तुमच्या चेहऱ्यावर हाय न, विचारा न तुमीच!

मी रडून पाहिलं, भांडून पाहिलं, उपास करून पाहिला. उपासाच्या दिवशी दोघायनं मिळून माह्यासाठी साबुदाणा भिजवला, पण तेबी न बोलता.

आता कम्प्युटरचं सांगते. तारा सुपेल्याच्या बाजारातल्या एका कम्प्युटर क्लासात शिकवाले जाते. तिले घरी आपला कम्प्युटर पाहिजे होता. लग्नपत्रिका, शाळायचे प्रश्नपेपर, असं टायपिंगचं काम घरबसल्या करायचं होतं. ह्यायनं नाही म्हटलं नाही, उलट पहिल्याच दिवशी म्हणाले, "तिले सांग, टेबल मी बनवून घेतो." मले वाटलं, चला, आता गाडी रुळावर आली.

कायची रुळावर! कम्प्युटरचा रिकामा डबा आला, टीव्हीसारखा तो मॉनिटर आला, कीबोर्ड आला, माऊस आला. त्यावर काही वाद नव्हता म्हणून ते आलं. पण ज्याच्यानं कम्प्युटर चालते तो प्रोसेसर, अन् तो ज्याच्यावर बसते तो मदरबोर्ड, तिथं येऊन दोघं अडले. हे म्हणत इंटेलचाच पाहिजे, पेंटियम टू. प्लांटात आमच्या सेक्शनात तेच हाय, माणसानं ओळखीच्या कंपनीचं घ्यावं. ते म्हणे, एएमडी घेऊ, बाकीच्या पैशात चांगला प्रिंटर येईन, धंद्याले प्रिंटर लागते, नाव नाही लागत. हे पुस्तकं आणून वाचत. ते क्लासातून छापील कागदं आणे. अन् दोघंबी मले येऊन समजावत! मी भाजी निवडून राहिली की हे येऊन म्हणणार, "तिले सांग, याची कॅश मेमरी पाहा म्हणा." ते येऊन म्हणणार, "बाबाले सांग, थ्रीडी-नाऊ पाहा म्हणा." सातवी शिकलेली बाई मी. मले इतकंच समजलं की दोन्ही चालतात, दोन्ही चांगले हायेत, अन् हे भांडण कम्प्युटरचं नाही.

महिना झाला, दीड महिना झाला. बैठकीत टेबलावर ते सारं सामान चादर झाकून पडलेलं. येणारा-जाणारा विचारे, काय झालं?

अन् विश्वकर्मा पूजा आली. भिलाईत विश्वकर्मा पूजा म्हणजे काय ते बाहेरच्याले नाही समजणार. त्या दिवशी प्लांटात क्रेनले हार, फर्नेसपुढं नारळ, बायका-पोरं नटून-थटून मिल पाहाले जातात. ज्याच्या घरी जे मशीन असन, शिलाईची असो का स्कूटर असो, त्याले हळद-कुंकू लागते. मी ठरवलं, त्या दिवशी हा कम्प्युटर माह्या घरात चालू झाला पाहिजे. हे दोघं ठरवत नाही तं मी ठरवते.

आदल्या दिवशी हे फर्स्ट शिफ्टले गेले, तारा क्लासले गेली. मी नवी साडी नेसली, थैली घेतली अन् निघाली. फाटकातच शेजारची बेबीताई भेटली.

"कुठं वं, कमल?"

"सुपेल्याले. कम्प्युटरचं सामान आणाले."

"पितृपक्षात?" तिनं कपाळाले हात लावला. "पितरायच्या दिवसात कोणी नवी वस्तू आणते का?"

"अवो, विश्वकर्माबी याच दिवसात येते न? त्याले कोणी म्हणते का, पंधरा दिवसानं ये म्हणून? माहे पितरं समजदार होते. घरातले दोघं बोलले तं तेबी खूश होतीन."

आता मी काय अक्कल चालवली ते ऐका. माह्या घरी कोणत्याही भांडणाचा निकाल मी असाच लावते: अर्धं ह्यायचं, अर्धं तिचं. ह्यायले तुरीचं वरण पाहिजे, तिले मुगाचं, मी दोन्ही डाळी एकत्र शिजवते. पडदे ह्यायच्या पसंतीचे, चादरी तिच्या पसंतीच्या. कोणी तक्रार केली नाही आजवर. तं इथंबी तसंच. प्रोसेसर लेकीच्या पसंतीचा, बोर्ड बापाच्या पसंतीचा! मले तं वाटलं, इतकं सोपं होतं, दोन शिकलेल्या माणसायच्या डोस्क्यात हे आलं कसं नाही?

तारा ज्याच्याकडून सामान घेते त्या ओमप्रकाशच्या दुकानात मी आधी गेली. म्हटलं, "तारा मॅडम ने जो प्रोसेसर बोल के रखा है ना, वो दे दो भैया."

त्यानं डबी काढली. "आंटी, बोर्ड भी साथ में ले जाओ. दोनों जोड़ी में लेना चाहिए."

"बोर्ड का इंतजाम है हमारा," मी म्हटलं. तोऱ्यात.

मंग रस्ता ओलांडून बाबुलालच्या दुकानात. ह्यायच्या मिलमधले सारे लोकं तिथून घेतात. "रेल मिल वाले साहब जो बोर्ड देख के गए थे, वही चाहिए."

"और प्रोसेसर, भाभीजी?"

"ले लिया."

"कौन सा लिया?"

"बढ़िया वाला," मी म्हटलं. त्यानं बोर्ड बांधून देल्ला.

दुसऱ्या दिवशी हे प्लांटातून पूजा करून आले. कपाळाले शेंदूर, हातात बुंदीचा प्रसाद, मन खुशीत. ताराले बी सुट्टी. मी बैठकीत टेबलावरची चादर काढली, पुढं कलश मांडला, समई लावली, अन् दोन्ही डब्या ताटात ठेवून दोघायले हाक मारली.

"या. झालं तुमचं भांडण. प्रोसेसर हिचा, बोर्ड तुमचा. कोणाचं वर नाही, कोणाचं खाली नाही. आता बसवा अन् पूजा करा."

दोघंबी ताटाकडं पाहात राहिले. ह्यायनं बोर्डाचा डबा उघडला. तारानं प्रोसेसरची डबी उघडली, तो चौकोनी तुकडा हातात घेतला. खालच्या अंगाले बारीक-बारीक सुयाच सुया. तिनं बोर्डाकडं पाहिलं. मंग तुकड्याकडं. तिच्या चेहऱ्याचं काही मले समजेना. मले वाटलं, पोरगी आनंदानं दंग झाली. मी कुंकवाचा करंडा पुढं केला.

"पाहातच राहशीन का? लाव कुंकू."

ते पोरगी कुठल्या तंद्रीत होती कोण जाणे, तिनं कुंकवात बोट बुडवलं अन् बोट त्या सुयायकडं नेलं.

"तारे! पिना! बोट नको लावू, पिना वाकतीन!"

हे ओरडले. सरळ तिच्याकडं पाहून. 'तिले सांग' नाही, काही नाही.

"माहीत हाय मले, बाबा!" तेबी तितक्याच जोरात. "रोज पोरायले मीच शिकवते न हे!"

अन् मंग दोघंबी जागच्या जागी थिजले. मी करंडा हातात धरून उभी. श्वास घ्यायची हिंमत होईना, म्हटलं, माह्या श्वासानं हे मोडलं तं?

ह्यायनं घसा खाकरला. माह्याकडं पाहिलं. मी मुद्दाम कलशाकडं तोंड फिरवलं. सांगत नाही ज्जा, म्हटलं मनात.

"हा..." हे म्हणाले. तोंड ताराकडंच होतं. "हा याच्यात बसते का वं?"

"नाही बसत, बाबा." तिनं बोर्ड आपल्याकडं ओढला. "पेंटियम टू असा उभा बसते, लांब खाचेत. तुमच्या बोर्डात तेच खाच हाय. हा आडवा बसते, याले चौकोनी जागा लागते. इथं ते जागाच नाही."

"म्हणजे?" मी न राहवून विचारलं. "थोडं घासून-घुसूनबी नाही बसणार?"

दोघायनं माह्याकडं पाहिलं. आधी हे हसले. खो-खो, पोट धरून, बुंदीचा प्रसाद हातातून सांडला. मंग ते हसली. खाली बसूनच हसली, चटईवर. "घासून-घुसून! बाबा, आई म्हणते, कानशीनं घासू!" अन् हे म्हणतात, "वेल्डिंग करू! उद्या मिलमध्ये घेऊन जातो!" मी अशी भडकली म्हणता! इतकी पायपीट केली, नवी साडी नेसली, अन् हे दोघं भैताडासारखे माह्यावर हसून राहिले. "हसा, हसा," मी म्हटलं, "माह्या हातची पुरणपोळी मांगाल तवा पाहून घेईन." पण खरं सांगू का, आणखी घडीभर हसतीन म्हणून मी समईत तेल घालत बसली.

हसणं ओसरलं. तारानं डोळे पुसले, डबी बंद केली.

"मी वापस करते हा, बाबा. ओमप्रकाश घेईन. तुमच्या बोर्डावर इंटेलच बसवू. खरंच चांगला हाय तो."

"नाही," हे म्हणाले.

"कावून?"

"तुहं राहू दे. माहं बदलवू." ह्यायनं बोर्ड परत डब्यात घातला. झाकण लावलं, पण हात काही उचलला नाही. "वापरणार तू हायेस. आधी तुले विचारायचं होतं मी. तवाबी तेच करायचं होतं."

मले समजलं 'तवा' म्हणजे कवा. ताराले बी समजलं.

"मी रागावलो नव्हतो, पोरी. गोंदियाले फोन केला, अन् घरी आलो, तं तुह्याकडं पाहाची लाज वाटाले लागली मले. एका शब्दानं न विचारता तुले देऊन टाकत होतो. वाटलं, उद्या बोलीन. उद्याबी नाही जमलं. मंग जितके दिवस गेले तितकं कठीण झालं. काय बोलून सुरुवात करू, तेच समजेना."

तारा खाली पाहात होती. तिच्या बोटाले तसंच कुंकू लागलेलं.

"मले वाटे तुमाले माही लाज वाटते," ते म्हणाली. "साऱ्या नातेवाईकायत तुमाले खाली पाहाले लावलं मी. म्हणून तुमी माह्याकडं पाहात नाही."

"तुही?" हे म्हणाले. मिलमध्ये शंभर माणसायवर ओरडणारा माणूस, तोंड उघडते अन् मिटते. मंग ह्यायनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. जोरातच ठेवला, पोरगी कशी हेलपाटली. "अवं, तू नाही म्हटलं म्हणून तं वाचलो न आपण सारे. तुह्यावाचून हे घर..."

ते पोरगी तशीच बापाच्या छातीले लागली. सव्वीस वर्षाची घोडी, पण अशी हमसून-हमसून रडली की ह्यायच्या पूजेच्या शर्टाचं पार वाटोळं झालं. मी कलशाले हात जोडले अन् म्हटलं, विश्वकर्मा बाबा, तुह्या कारखान्यात हेबी दुरुस्त होते हे मले माहीत नव्हतं.

मंग दोघं स्कूटरवर बसून बोर्ड बदलवाले निघाले. मी बी तयार झाली तं हे म्हणतात, "तू कुठं? तू तिथं गेली तं आणखी काही आणशीन."

"मीबी येते न! माल मी आणला, मीच वापस करीन."

"आई, तू राहा न घरी," तारा म्हणाली. "आम्ही जाऊन येतो."

आम्ही. ऐकलं न? मी फाटकात उभी राहिली. बेबीताई तिच्या ओट्यावरून पाहात होती. बाप पुढं, लेक मांगं, अन् ते त्यायच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगत चाललेली. हेबी मान मांगं करून ऐकत. समोरून ट्रक आला असता तं?

"काय वं," बेबीताई म्हणाली, "पितरं पावले वाटते."

"पावले न," मी म्हटलं, अन् घरात पळाली, कारण तिच्यापुढं मले रडायचं नव्हतं.

चहाच्या वेळेले आले दोघं. नवा बोर्ड, चौकोनी जागेचा. आल्या-आल्या बैठकीत सामान पसरलं अन् स्क्रू उघडाले बसले. मी स्वयंपाकघरात पुरण वाटाले घेतलं. हो, घेतलं पुरण, मंग काय करणार! आतून साऱ्या गोष्टी ऐकू येऊन राहिल्या होत्या.

"बाबा, टॉर्च इकडं धरा न. तिकडं नाही, इकडं."

"तू आधी पंखा लाव त्याच्यावर."

"आधी पेस्ट, मंग पंखा."

"पुस्तकात आधी—"

"पुस्तक राहू द्या हो बाबा! रोज बसवते मी!"

"मोठी आली बसवणारी. तुले पाना धराले कोणी शिकवलं?"

"तुमीच शिकवलं न! म्हणून तं उलटा धरते!"

आवाज चढले. पहिल्यासारखा माहा जीव वरखाली झाला. वर्षभराची सवय, हात पदराले पुसत मी दारापर्यंत गेली. आता कोणाचं काय कोणाले सांगायचं?

"काय झालं? मी येऊ का?"

"नको!"

दोघंबी एकाच वेळी ओरडले. वळूनसुद्धा पाहिलं नाही कोणी. दोघायची डोकी त्या उघड्या डब्यात घुसलेली, एक पांढरं, एक काळं, अन् पुन्हा वाद सुरू.

मी वापस आली. पाट्यापुढं बसली. माह्या घरात आज माहं काहीच काम नव्हतं. मी पदर डोळ्याले लावला अन् पोटभर रडून घेतलं.